नाव काढलेला टोप

माय,

तुला लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला आठवलं की तुला वाचता येत नव्हतं. घरात कुठलाही कागद आला की तू तो पदरावर सरळ करून माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "वाच." मी वाचायचो. संपलं की विचारायचीस, "एवढंच हाय?" रेशनचा कागद असो नाहीतर मामाचं गावाकडून आलेलं पत्र असो, तुझा प्रश्न ठरलेला. वाचणारा मधलं काहीतरी खिशात घालतोच, अशी तुझी खात्री होती. आज दुपारपासून वीज गेलीय, पॉलिशचं चाक बंद आहे, बायको तिच्या भाचीच्या लग्नाला गेलीय. शटर अर्धं ओढून बसलोय. या आठवड्यात दुकानात जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि या धंद्यातलं कळणारं माणूस माझ्या ओळखीत तुझ्याइतकं दुसरं झालं नाही.

तू गेलीस तेव्हा माझं दुकान म्हणजे शिरवण्याच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. आता पक्का गाळा आहे. समोर कारखान्यांची रांग, मागे गाव. धंदा तोच, तुझाच म्हण: जुनं घ्यायचं आणि विकायचं. फक्त तू नवी भांडी देऊन जुने कपडे घ्यायचीस, मी जुनी भांडीच घेतो. लोक घरात नवं किचन करतात, सगळं कपाटात बंद होतं, मग आईच्या वेळच्या कळश्या, पराती, टोप जड वाटायला लागतात. गोणीत भरून आणून टाकतात. मी ती केटरिंगवाल्यांना विकतो, कारखान्यातल्या पोरांच्या खोल्यांवर विकतो, नवीन संसार मांडणाऱ्यांना विकतो. हल्ली फोनवरही विकतो. फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, "एकदम नवीन, न वापरलेलं." आणि ते नवीन दिसतं, माय. तेवढं कसब माझ्या हातात आहे.

कसब म्हणजे काय ते सांगतो, कारण तू ते नीट कधी ऐकूनच घेतलं नाहीस. जुन्या भांड्याला पोचा चालतो, डाग चालतो, ते सगळं निघतं. अडचण असते ती नावाची. मशीनच्या पेननं घातलेलं नाव वरवरचं असतं, ओरखड्यासारखं. एमरीच्या खरखरीत कागदाचा हात फिरवला की गेलं. पण छिन्नीनं ठोकून घातलेलं नाव टिंबाटिंबांनी पत्र्यात बसलेलं असतं. ते काढायचं तर आधी आतून लाकडी ठोकळा लावून पत्रा हलक्या हातानं वर घ्यावा लागतो, मग एमरी, खरखरीतकडून बारीककडे, तीनदा, आणि दर वेळी दिशा बदलून. दिशा बदलली नाही तर भांडं उन्हात तिरकं धरल्यावर नावाची सावली दिसते. शेवटी कापडाचं चाक. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. किती भांडी भोकं पाडून वाया घालवली ते मला माहीत. आज तुर्भ्यापासून इथपर्यंत या लाइनीत कुणालाही विचार, नाव काढावं तर यानंच, असं म्हणतील.

नाव काढावं. हे लिहिताना हात थांबला बघ.

शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं मी भांड्यांवर शिकलो. तू संध्याकाळी डोक्यावरची पाटी उतरवायचीस, गुडघे चोळत बसायचीस, आणि कपड्यांबरोबर कुणी दिलेलं एखादं जुनं भांडं माझ्याकडे सरकवायचीस. "बघ काय लिव्हलंय." मी एकेक अक्षर लावायचो. जोडाक्षरं तर सगळी लग्नातल्या ताटांवरची. सप्रेम. प्रीत्यर्थ. शुभेच्छुक. 'यांजकडून' हे मी बरेच दिवस कुणाचं तरी आडनाव समजत होतो; वाटायचं, केवढं मोठं घराणं, सगळ्या नवी मुंबईला भांडी वाटत सुटलंय. ज्या दिवशी एक अख्खं ताट न अडखळता वाचलं, त्या दिवशी तू शेजारणीला दारातूनच ओरडून सांगितलंस, "माजं लेकरू नाव काढील बघ!" शेजारीण म्हणाली, "आदी त्याला नाक पुसायला शिकव." तरी तू दिवसभर खुशीत होतीस.

तुझा धंदा मला पाठ आहे. नेरूळच्या सेक्टरांतून "भांडीऽऽये" असा तुझा आवाज यायचा तो तिसऱ्या मजल्यापर्यंत. बायका साड्यांचा गठ्ठा आणायच्या, तू एकेक उलगडून उजेडाला धरायचीस. "बाई, ही काठात विरलीय." "अगं, दोनदाच नेसलेय." "दोनदा नेसलीस का दोन वर्षं नेसलीस? पातेलं न्यायचं तर अजून एक टाक." आणि तीच साडी तुर्भ्याच्या नाक्यावर कामावरच्या बायांना विकताना मात्र तू काठ आधी दाखवायचीस. "हितं विरलीय, दाबटाका घालून देते. पन धा पाण्यातनं निघालीय. जायाचा तो रंग गेला, आता जायाचा न्हाई." जुनं तू जुनं म्हणूनच विकायचीस. जुनेपणा हाच तुझा माल होता. टिकलं म्हणून घे, असं तुझं म्हणणं. मला त्याची लाज वाटायची, हेही आज सांगून टाकतो.

आणि तुझे ते कॉटखालचे आठ दिवस. नाव घातलेलं भांडं, बारशाचं झबलं, लग्नातला शालू, अशी वस्तू आली की आल्या दिवशी ती तू विकायची नाहीस. कॉटखाली ढकलायचीस. "बाईचं मन आठ दिसांत फिरतं. नवव्या दिशी वस्तू आपली." आपली खोली केवढी, त्यात कॉटखाली लोकांच्या वस्तू, आणि आपण पाय पोटाशी घेऊन झोपायचो. मी कुरकुरलो की म्हणायचीस, "पाय लांब करायचेत तर नवव्या दिशी कर." वाशीची एक बाई सहाव्या दिवशी आपला पत्ता शोधत आली होती. नवऱ्यानं तिच्या वडिलांचा कोट देऊन टाकला होता. तू कॉटखालून कोट ओढून काढलास, झटकलास, तिच्या हातात दिलास. ती रडायला लागली तर तिला म्हणालीस, "रडू नगं. धा दिसांनी आली असतीस तर तुज्याच सोसायटीच्या वॉचमनच्या अंगात दिसला असता." ती रडता रडता हसली. बदल्यात दिलेला डबा तिनं परत आणला होता, तो तू उलटासुलटा करून पाहिलास आणि पाटीत टाकलास. झालं. त्या दिवशी संध्याकाळी तू नुसता चहा पीत बसली होतीस, फार समाधानानं. मला वाटलं, यात काय मिळालं हिला?

पहिलं नाव मी काढलं ते एका परातीवरचं. माझं विशीचं वय. तीन दिवस घासत होतो, चाक नव्हतं तेव्हा, सगळं हातानं. चौथ्या दिवशी परात तुझ्यासमोर आणून ठेवली. तू शर्टाला बटण लावत बसली होतीस. तोंडातला दोरा दातानं तोडलास, परात उजेडाकडे वळवलीस आणि काठाखालून अंगठा फिरवलास.

"कुटं गेलं?"

"काय?"

"नाव."

"काढलं. ओळखू येतं का बघ. नवी दिसते का नाही?"

तू परात खाली ठेवलीस. "काढलंस लेकरा," म्हणालीस. "म्हनले व्हते तसं नाव काढलंस."

मला ते इतकं लागलं की मी बोलू नये ते बोललो. जुनं म्हणून विकतेस, म्हणून अजून पाटी डोक्यावर आहे तुझ्या. तू दुसरं बटण उचललंस. मग मान खाली घालूनच विचारलंस, "आन बाई मागायला आली तर तिला काय दावशील?"

"कोण येतंय?" मी म्हणालो.

आली, माय. इतक्या वर्षांनी, पण आली. शनिवारी सारसोळ्याची एक सून गोणी देऊन गेली होती. त्यात एक टोप होता, जाड बुडाचा, जुन्या काळचा. काठाखाली छिन्नीनं ठोकलेलं: 'लेकीस आईकडून सप्रेम भेठ'. 'भेट'मधल्या ट च्या जागी ठ. वाचल्याशिवाय मी एकही भांडं चाकावर धरत नाही, ती तूच लावलेली सवय. वाचून मी हसलो. बायकोला बोलावून दाखवलं, "बघ, लोकांना साधी भेट लिहिता येत नाही." ती म्हणाली, "तुम्ही नका वाचत जाऊ, तुमचं पित्त खवळतं." खरंच खवळतं. रस्त्यानं जाताना पाट्यांवरच्या चुका मला दिसतात तशा कुणाला दिसत नसतील. इथल्या मंडळाचा फलक माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जात नाही. चौथी शिकलेला माणूस, पण त्याचा ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, असं लोक म्हणतात आणि ते मला आवडतं. त्याच दुपारी टोप चाकावर धरला. संध्याकाळी तो पुढच्या फळीवर होता, नव्याचं लेबल लावून.

मंगळवारी ती सून परत आली, बरोबर तिची सासू. सत्तरीची, कोळणीची नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू नाही पण त्याची गोल खूण अजून दिसत होती.

"काका, सॉरी हां," सून म्हणाली. "किचनचं काम काढलं ना, तेव्हा मी सगळंच देऊन टाकलं. आई लेकीकडे गेल्या होत्या. आता घरात नुसतं टेन्शन आहे."

"तुजा टेन्शन तुज्यापाशी ठेव," सासू म्हणाली. "पोरा, जाड बुडाचा टोप हाय, वर नाव हाय. माजे आयशीनं लग्नात दिलंला. त्यो दे, बाकी सगला तुला ठेव."

टोप तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. तिनं मान वर केली असती तर दिसला असता, आणि दिसूनही ओळखू आला नसता. ते माझं कसब. चौथा दिवस होता, माय. तुझ्या हिशेबानं तो कॉटखाली असता. मी ओढून काढला असता, झटकला असता, हातात दिला असता. मी म्हणालो, "मावशी, माल मागच्या खोलीत आहे, शोधायला लागेल. उद्या या."

त्या दोघी गेल्यावर मी जुनी छिन्नी काढली. पेननं घातलं तर ती ओळखेल, एवढी अक्कल होती. शब्द लक्षात होते, ओळ उजवीकडे किंचित उतरत गेलेली होती तेही लक्षात होतं. टिंब टिंब करत तेच सगळं पुन्हा ठोकलं. मग त्यावर थोडी राख आणि तेल चोळून अक्षरं जुनी केली. आयुष्यभर नव्यासारखं जुनं विकलं, त्या दिवशी जुन्यासारखं नवं केलं. आणि खोटं कशाला बोलू, झाल्यावर तो टोप हातभर लांब धरून पाहिला आणि मला माझाच अभिमान वाटला.

बुधवारी तिनं टोप मांडीवर घेतला. आधी बुड पाहिलं. मग कडेला माझ्या नजरेतून सुटलेला एक बारीक पोचा होता, त्यावर बोट ठेवलं आणि तिचा चेहरा खुलला. "ह्यो माजाच. ह्यो पोचा माजे मोठ्या पोरानं पाडलंला." मग काठाखालून अंगठा फिरवायला लागली. डोळे सुनेकडे, अंगठा अक्षरांवर. शेवटाला आली आणि अंगठा थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"टोप माजा हाय," ती म्हणाली. "नाव माजा नाय."

"मावशी, तेच आहे. पुसट झालं होतं, मी गिरवून दिलंय."

"मंग शेवटचा गोल कुटं गेला?"

"कसला गोल?"

"हितं गोल व्हता. बंद. अंड्यावानी. मना वाचता येत नाय, पन पन्नास वर्सं मी ह्यो टोप घासलाय. माजा अंगठा त्या गोलात बसायचा. ह्यो तं उगडा हाय."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मावशी, तो ठ चुकीचा होता. भेट असं लिहितात."

बोललो आणि मग माझं मलाच ऐकू आलं. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही पुसलं होतं, काका?" त्या चुकीला मी शनिवारी हसलो होतो, तरी मंगळवारी हातानं बरोबरच लिहिलं. हाताला चुकीचं लिहायची सवयच नाही. त्या हाताचं मला केवढं कौतुक होतं!

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चुकीचा का व्हयना. माजे आयशीला तरी कुटं वाचता येत व्हता? म्हावरं इकून घेतलान टोप, बाजारात त्या मानसाच्या फुड्यात बसून नाव घालून घेतलान. त्यानं घातलान तसा तिनं घेतलान."

मी छिन्नी पुढे केली. ट चा ठ करायला वेळ लागत नाही, नुसती उघडी बाजू बंद करायची, पाच-सहा टिंबं. "आत्ता करून देतो, मावशी. दोन मिनिटं."

"नको," ती म्हणाली. "तू केलास तं त्यो तुजा गोल व्हईल."

टोप कडेवर घेऊन ती उठली. पायरी उतरताना थांबली, टोप उन्हात धरला, आणि मागे न बघता म्हणाली, "चकचकीत केलास पन. कोनी बोलनार नाय जुना हाय म्हनून." गेली वीस वर्षं हेच वाक्य ऐकायला मी जगतोय. गिऱ्हाईक हे म्हणालं की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. बुधवारी मी डबा उघडलाच नाही.

वाटलं होतं, तुला लिहावं की आता मीही आठ दिवसांची एक फळी ठेवलीय. ठेवलेली नाही. काल सकाळीच दोन ताटांवरची नावं काढली. एकावर बारशाचं होतं. वाचलं, थोडा वेळ हातात धरून बसलो, मग चाक सुरू केलं. केटरिंगवाल्याला संध्याकाळी माल हवा होता. तुझ्यासारखं व्हायचं तर पाय पोटाशी घेऊन झोपावं लागतं, आणि मला आता ते जमत नाही.

म्हातारी गेल्यापासून मला एकच गोष्ट आठवतेय. त्या परातीनंतर आपण महिनाभर धड बोललो नव्हतो. मग मी तुला पिठाचा डबा आणून दिला होता, मोठा, झाकणाला कडी असलेला. त्यावर नाव घातलेलं होतं: 'मायला सप्रेम भेट'. ट चा ट. वाशीच्या दुकानातून आणला, असं म्हणालो होतो. तू तो मांडीवर घेतलास, सगळीकडून अंगठा फिरवलास, सावकाश, पोटाला, काठाला, माझ्या अक्षरांवरून आणि अक्षरांच्या आजूबाजूनं. मग म्हणालीस, "चकचकीत हाय." आणि कॉटखाली सरकवलास. पीठ आपलं जुन्या पत्र्याच्या डब्यातच. मी दोनतीनदा चिडलो, "वापरायला दिलाय, पूजा करायला नाही." तू म्हणालीस, "आठ दिस जाऊ दे." मला वाटलं, नव्या भांड्याचं कौतुक असेल, किंवा अजून राग गेला नसेल. नवव्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा तू त्यात पीठ भरून झाकणाची कडी लावत होतीस. पुढे तू जाईपर्यंत तो वापरलास. त्याबद्दल एक शब्द कधी बोलली नाहीस.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. पाठवता आला असता तरी तू तो पदरावर सरळ करून माझ्याच हातात दिला असतास आणि म्हणाली असतीस, वाच. मी वाचला असता, म्हातारीचं, टोपाचं, गोलाचं, सगळं, न अडखळता. तू विचारलं असतंस, एवढंच हाय? मी हो म्हणालो असतो, आणि एक ओळ गाळली असती.

तो डबा नवा नव्हता, माय.